२ टीबीच्या डबीत निघालं ६४ जीबीचं कार्ड

लॅपटॉप भरत आला होता. फोटो, व्हिडिओ, स्कॅन केलेले कागद असं मिळून ३०० जीबीच्या आसपास. ऑनलाइन २ टीबीचा ‘पोर्टेबल एसएसडी’ (सोबत नेता येणारा वेगवान ड्राइव्ह) दिसला, नावाजलेल्या ब्रँडच्या पाव किमतीत. तिथेच शंका यायला हवी होती. पण डबी हातात आली ती चांगली जड, प्लगच्या आत निळं प्लॅस्टिक, म्हणजे वेगवान यूएसबी ३. जोडल्यावर १.९५ टीबी दिसले आणि मी खूश. (खऱ्या २ टीबीला विंडोज १.८१ दाखवतं. कंपन्या हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने. हे मला ठाऊक होतं, तरी डोक्यात आलं नाही.)

कॉपी रात्रभर चालली, सेकंदाला जेमतेम १० एमबीने. लॅपटॉप जुना आहे, अशी मनाची समजूत घातली. एकही एरर नाही. पहिल्या फोल्डरमधले चार-पाच फोटो उघडून पाहिले, छान उघडले. मग लॅपटॉपवरचं सगळं डिलीट केलं. रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली.

दीड महिन्याने ताईने भाचीचा पहिल्यांदा चालतानाचा व्हिडिओ मागितला. फाइलचं नाव होतं, तारीख होती, साइजही बरोबर. उघडेना. पुढची फाइल, त्याच्या पुढची, तेच. एक फोटो मात्र अर्धा उघडला: वर भाचीचं कपाळ आणि डोळे, खाली सपाट करडा रंग.

एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते ड्राइव्ह खोट्या डेटाने भरतं आणि पुन्हा वाचून ताडून बघतं. त्याने सांगितलं, खरी जागा ६४ जीबीच्या आतबाहेर. या ड्राइव्हच्या कंट्रोलरला (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला) खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. जागा संपली तरी तो ‘लिहिलं’ म्हणून मान डोलावतो आणि डेटा टाकून देतो. फाइलींची यादी बहुधा सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते, म्हणून नावं शाबूत राहतात. रिकव्हरीवाल्याकडे जाऊनही उपयोग झाला नाही. जे लिहिलंच गेलं नाही ते तो कुठून काढणार? लॅपटॉपमध्येही एसएसडी, त्यामुळे ट्रिमने, म्हणजे एसएसडीतली डिलीट झालेली जागा आपोआप साफ करणाऱ्या सोयीने, ती जागा केव्हाच पुसली होती.

स्क्रू काढून डबी उघडली. बोटाच्या पेराएवढा बोर्ड, त्यात खोचलेलं मायक्रोएसडी कार्ड, आणि वजनासाठी गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. निळ्या प्लगमध्ये पिना चारच. यूएसबी ३ ला नऊ लागतात.

विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘फॉरमॅट करून बघा.’ परतीची मुदत संपली होती.

नवा ड्राइव्ह आला की रिकामा असतानाच एच२टेस्टडब्ल्यूची चाचणी लावा, परतीची मुदत असेपर्यंत. लिनक्स आणि मॅकवर एफ३ नावाचं सॉफ्टवेअर हेच काम करतं. वेळ जातो: सेकंदाला १० एमबीने २ टीबी नुसते भरायलाच ५५ तास लागतील. पण इतका हळू चालणारा ‘एसएसडी’ चाचणी संपायची वाट न बघता परत करावा. कॉपी झाल्यावर शेवटच्या फोल्डरमधल्या फाइली उघडा, पहिल्या नव्हे. आणि दुसरी प्रत असल्याशिवाय मूळ फाइलींना हात लावू नका.

ती डबी अजून ड्रॉवरमध्ये आहे. जोडली की आजही १.९५ टीबीच दाखवते.