चक्र बांधावी की सॅन फ्रान्सिस्को?

१:३५० मापात पहिल्या आण्विक हल्लेखोर पाणबुडीचं मॉडेल बांधायचं म्हटलं की आपल्याकडे गाडी बहुतेक या दोघींवर येऊन थांबते: भारतीय नौदलाची चक्र आणि अमेरिकेची सॅन फ्रान्सिस्को. मी दोन्ही बांधल्यात. मूळच्या दोघी साधारण ११० मीटरच्या, म्हणजे मॉडेल ३१ सेंटिमीटरचं. शेजारी ठेवल्यावर मात्र चक्र चांगलीच थोराड दिसते. ती साडेतेरा मीटर रुंद, अमेरिकन जेमतेम दहा.

गोष्ट सांगायला सॅन फ्रान्सिस्को भारी, हे मान्य. जानेवारी २००५ मध्ये ग्वामच्या आग्नेयेला ती पाण्याखालच्या डोंगरावर भरधाव आदळली. एक खलाशी गेला, नाकाचा चुराडा झाला. तिच्या अणुभट्टीत काही वर्षांपूर्वीच नवं इंधन भरलेलं, तर तिच्याच वर्गातली दुसरी पाणबुडी होनोलुलू निवृत्तीला टेकलेली. मग होनोलुलूचं अख्खं नाक कापून हिला जोडलं. स्पेअर पार्ट म्हणून पाणबुडीचं तोंड! हिच्यासाठी किट घेताना लॉस एंजेलिस वर्गातली जुनी आवृत्ती बघून घ्या, आडवे पंख शिडावर, म्हणजे पाठीवरच्या उभ्या बुरुजावर असलेली. नाकाशी पंख असतील तर ती नंतरची.

आता माझं दुखणं. हिचं अंग म्हणजे गुळगुळीत नळी, आणि दोन्ही कुशींवर टोकापासून टोकापर्यंत सांधा. पुट्टी भरली, आधी ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासली, काळा रंग मारला. झकास. पंधरा दिवसांनी ट्यूबलाइटखाली धरली तर रेघ परत हजर. पुट्टी वाळत वाळत बसते, त्यात आमच्याकडे ऐन पावसाळा. पुन्हा घासली, पुन्हा तेच. गोदीत खऱ्या नाकाचा जोड बसला आणि माझ्या टेबलावर प्लॅस्टिकचा बसेना.

चक्र अगदी बिनतक्रार आहे असं नाही. शेपटीच्या उभ्या पंखावरचा तो फुगीर पॉड गोंद वाळेपर्यंत कलतो, दोनदा काढून लावला. भारतीय क्रमांकाचे डिकल, म्हणजे अंगावर चिकटवायचे छाप, किटात नव्हते. पण अंगावर रबरी टाइलांच्या रेघा कोरलेल्या, त्यात आणखी एक रेघ कोण मोजतो? शिवाय रशियाकडून भाड्यानं घेतलेली, ४ एप्रिल २०१२ ला विशाखापट्टणमला नौदलात आलेली, २०२१ मध्ये रशियाला परत गेलेली ही आपली. हा थोडा पक्षपात, धरा हवं तर. खोक्यावरचं नाव मात्र नीट वाचा. चक्र ज्या वर्गातली, त्याला नाटोनं दिलेलं नाव ‘अकुला’, तीच हवी. रशियन ज्या पाणबुडीला अकुला म्हणतात ती वेगळीच, नाटोच्या भाषेत अवाढव्य टायफून. आणि १९८८ची पहिली चक्र चार्ली वर्गातली, तिचा साचाच वेगळा.

तुमचा हात घासकामात बसलेला असेल तर अमेरिकन जरूर घ्या. पहिलंच मॉडेल असेल तर मी चक्रच सुचवीन. माझ्या सॅन फ्रान्सिस्कोची डावी कूस तिसऱ्या खेपेला साफ झाली, म्हणून शेल्फवर ती बाजू पुढे आहे.