वाडीच्या गोदामातून बेंगळुरूपर्यंत: कापड पाठवणाऱ्या एका ट्रान्सपोर्ट सेवेचा अनुभव

इतवारीतील आमच्या दुकानातून गेल्या वर्षभरात बेंगळुरूच्या चिकपेट भागातील एका व्यापाऱ्याकडे आम्ही सात वेळा माल पाठवला आणि सातही वेळा तो अमरावती रस्त्यावरील वाडीत गोदाम असलेल्या एकाच ट्रान्सपोर्ट कंपनीमार्फत गेला. मालाच्या नुकसानीबद्दलच्या आमच्या तक्रारीचा निकाल अद्याप लागलेला नसल्यामुळे कंपनीचे नाव येथे देत नाही. परंतु नागपुरातून दूरच्या शहरात कापड पाठवणाऱ्या कोणालाही या सेवेचे गुणदोष ओळखीचे वाटतील, कारण वाडीतील बहुतेक गोदामांत कामाची पद्धत थोड्याफार फरकाने हीच आहे. आपले शहर देशाच्या मध्यावर असल्याचे आपण कौतुकाने सांगतो खरे, पण व्यापाऱ्याच्या हिशेबात त्याचा अर्थ एवढाच होतो की कोणतीही मोठी बाजारपेठ जवळ नाही. राष्ट्रीय महामार्ग ४४ ने हैदराबादमार्गे बेंगळुरू सुमारे १,१०० किलोमीटर पडते.

वेळेच्या बाबतीत कंपनीला मी चांगले गुण देईन. बुकिंगच्या वेळी पाच ते सहा दिवस सांगितले जातात आणि सातपैकी पाच वेळा माल त्या मुदतीत कलासीपाळ्यम येथील त्यांच्या गोदामात पोचला. एकदा हैदराबादला गाडी भरेपर्यंत गठाणी तीन दिवस पडून राहिल्या, आणि त्या काळात मोबाईलवर ‘माल हैदराबाद येथे आहे’ या एका ओळीपलीकडे काहीही कळले नाही. उशीर झाला की ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन वाहतूक-परवान्याची, चिंता सुरू होते. दर २०० किलोमीटरमागे एक दिवस या हिशेबाने या अंतराला सहा दिवसांची मुदत मिळते, आणि ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवून घेता येते. या कंपनीचा वाडीतील कारकून याबाबत दक्ष आहे, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. हैदराबादला गाडी बदलली की नवा गाडी क्रमांक त्याच दिवशी बिलावर चढलेला दिसतो, आणि त्या उशिराच्या वेळी मुदतवाढही त्यानेच वेळेत करून घेतली.

भाड्याचा हिशेब मात्र समजून घ्यावा लागतो. आम्हाला किलोमागे १३ रुपये दर मिळाला; पण किलो कोणता, हा खरा प्रश्न आहे. प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर भाडे लागते, आणि आकारमानाचे वजन काढताना ही कंपनी लांबी, रुंदी व उंचीच्या सेंटिमीटरमधील गुणाकाराला ५,००० ने भागते. तयार कुर्त्यांचा आमचा खोका ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा आणि प्रत्यक्ष वजन १५ किलो. म्हणजे कागदावर तो २४.३ किलोचा होतो. पहिल्या खेपेला आम्ही तो ठासून भरला होता. कारकुनाने टेप कडेला न लावता खोक्याच्या फुगलेल्या पोटावर लावला, रुंदी आणि उंची दोन्ही ४९ भरल्या, आणि त्याच १५ किलोंचे २८.८ किलो झाले. फुगलेल्या चार सेंटिमीटरची किंमत खोक्यामागे साधारण ५८ रुपये पडली. त्यात त्याची लबाडी नव्हती, चूक आमचीच होती. याउलट सुती कापडाची प्रेस मारलेली ५८ किलोंची गठाण आकारमानाने ३४ किलोंच्या आतच राहते, त्यामुळे तिला प्रत्यक्ष वजनाचेच भाडे लागते. तागे आणि सुती साड्या गठाणीतून पाठवाव्यात. तयार कपड्यांना खोका अपरिहार्य असेल तर तो गच्च भरू नये, पट्टीही दोन्ही बाजूंनी मारावी. हमाली, बिल्टीचा (माल बुक केल्याच्या पावतीचा) खर्च आणि दारात पोच हवी असल्यास त्याचे पैसे निराळे असतात. ते बिल्टीवर स्पष्ट लिहिलेले असतात, याबद्दल तक्रार नाही.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. पाचव्या खेपेत सुती मालाबरोबर भंडारा जिल्ह्यात विणलेल्या करवती काठाच्या ४० टसर साड्या २४ किलोंच्या एका वेगळ्या गठाणीत पाठवल्या होत्या. आतून प्लास्टिक, वरून गोणपाट आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘हूक लावू नये’ अशी सूचना इंग्रजी, हिंदी आणि कन्नडमध्ये लिहिलेली होती. चिकपेटच्या व्यापाऱ्याने गठाण उघडून छायाचित्रे पाठवली. गोणपाटाला केवळ एक भोक दिसत होते, बोटाएवढेही नव्हते. परंतु गठाण उचलण्याचा हमालांचा लोखंडी हूक घडी घातलेल्या साडीत शिरला की तो एकाच वेळी घडीच्या सगळ्या थरांतून आरपार जातो. घडी उलगडल्यावर एका साडीत ठरावीक अंतरावर आठ भोके एका ओळीत दिसत होती, जणू कोणी मापून पाडली असावीत. अशा सहा साड्या निघाल्या. वाडीच्या गोदामात विचारणा केल्यावर ‘भाऊ, हूकाशिवाय हमाल गठाणीला हातच लावत नाही’ असे उत्तर मिळाले, आणि ते प्रामाणिक असल्यामुळे त्यावर रागावताही येईना. उरलेला प्रश्न भरपाईचा होता. नागपूर म्हणते की माल येथून धड गेला, बेंगळुरू म्हणते की तो असाच आला, आणि मधल्या हैदराबादला फोन कोणी उचलत नाही.

बिल्टीच्या मागे बारीक अक्षरांत ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले असते आणि आपण ते वाचत नाही. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याने वाहतूकदाराला जबाबदारीतून पूर्ण मोकळे सोडलेले नाही; मात्र मालाची जास्त किंमत आधी जाहीर करून त्याचे वाढीव शुल्क भरले नसेल, तर नियमांनुसार भरपाई भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. त्या गठाणीचे भाडे ३१२ रुपये होते. त्याची दहापट ३,१२० रुपये होते, आणि गठाणीतील सर्वांत स्वस्त साडीही त्याहून महाग होती. हे वाढीव शुल्क कंपनीच्या दरपत्रकात ‘एफओव्ही’ या नावाने आहे, पण बुकिंगच्या खिडकीवर त्याविषयी आपणहून कोणी विचारत नाही. किमती माल बुक होत असताना एवढे एक वाक्य बोलणे कारकुनाचे काम आहे असे माझे मत आहे, आणि या सेवेचे सर्वाधिक गुण मी तेथेच कापतो. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. ती आम्ही छायाचित्रांसह दिली आहे. कंपनीने आतापर्यंत केवळ भाडे परत करण्याची तयारी दाखवली आहे.

पावसाळ्याबद्दल थोडे लिहायला हवे. जुलैमधील खेपेला वाडीच्या गोदामात गठाणी लाकडी फळ्यांवर रचलेल्या होत्या आणि ट्रकवर ताडपत्री दुहेरी होती. कापड कोरडे पोचले, फक्त दोन खोक्यांचे तळ मऊ पडले होते.

एवढे होऊनही आम्ही सेवा बदललेली नाही. सहाव्या खेपेपासून टसरच्या साड्या प्लायवूडच्या पेटीत भरतो, पूर्ण किंमत जाहीर करून एफओव्ही भरतो आणि तो आकडा बिल्टीवर लिहिला गेल्याचे खिडकीतून हलण्यापूर्वी वाचून घेतो. पेटीमुळे वजन वाढते आणि भाडे जवळजवळ दीडपट होते. पण पेटीत हूक शिरत नाही, ती दोघांना मिळून उचलावीच लागते. सुती मालाच्या चार गठाणी पुढच्या महिन्यात याच गोदामातून जातील. भोके पडलेल्या सहा साड्या ‘टू-पे’ने, म्हणजे माल घेणाऱ्याने भाडे भरण्याच्या बोलीवर, परत आल्या असून त्यांचे परतीचे भाडेही आम्हीच भरले आहे.