बडोद्याच्या दांडिया बाजारातलं मॅमोग्राफी सेंटर: तपासणी छान, रिसेप्शन वैताग

डाव्या स्तनाची त्वचा जरा ओढल्यासारखी दिसत होती, निप्पलही आत गेलेलं, ब्रेस्ट सर्जनची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली, तोवर त्यांनीच मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी करून आणायला सांगितलं म्हणून इथे गेले, घराजवळ आहे. टेक्निशियन ताई एकदम मस्त. पावडर-डिओ लावून आलात का आधीच विचारलं, कारण त्याचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, मग पुसायला ओला टिश्यू दिला. प्लेट दाबली की दुखतं, पण काही सेकंदच.

दोन स्टार कापले ते रिसेप्शनसाठी. भरलेल्या वेटिंग रूममध्ये 'गांठवाळा बेन कोण छे?' असं ओरडायची काय गरज! सासूबाई शेजारीच होत्या, त्यांनीच त्या पोराला झापलं.

रिपोर्टवर बायरॅड्स ४ (स्तनांच्या तपासणीच्या निकालाची श्रेणी) लिहून हातात लिफाफा, बाकी कोणी काही सांगत नाही, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सर्जनकडे फोन केला तेव्हा कळलं की ४ म्हणजे कॅन्सर ठरला असं नाही, शंका आहे म्हणून बायोप्सी करून बघायचं. ती आता सोमवारी आहे. आणि हो, फोटोंची सीडी मागून घ्या, आपणहून देत नाहीत.