इकोफ्लेक्स ००-३०: उन्हाळी प्रयोगशाळेतल्या नवख्या हातांसाठी

अकरावी-बारावीच्या मुलांना सुट्टीत बोटाचं वाकणं मोजणारा, त्वचेसारखा ताणणारा सेन्सर बनवायचा असेल, तर स्मूथ-ऑन कंपनीचं हे सिलिकॉन सगळ्यात कमी छळतं. ए आणि बी भाग समसमान घ्यायचे, बस. सिलगार्ड १८४ या दुसऱ्या सिलिकॉनमध्ये १०:१ वजन करावं लागतं. काटा जरा चुकला की कडकपणा बदलतो. इकोफ्लेक्स मिसळल्यावर ४५ मिनिटं हाताशी असतात, आणि ४ तासांत साच्यातून निघतं.

खरी गोम हातमोज्यांत आहे. लेटेक्समधलं गंधक सिलिकॉन घट्ट करणाऱ्या प्लॅटिनम उत्प्रेरकाला निकामी करतं, मग दिवसभर ठेवलं तरी पृष्ठभाग चिकटच. व्हिनाइलचे मोजे घ्या. रेझिनने छापलेले थ्रीडी साचेही असाच घात करतात. आधी कोपऱ्यात थेंबभर ओतून बघा. बुडबुडे काढायला मिश्रण निर्वात पात्रात ठेवताना भांडं मिश्रणाच्या किमान तिप्पट हवं, फेस उसळून वर येतो. ही पायरी गाळली तर बुडबुड्यांमुळे भिंत पातळ होते आणि सेन्सरच्या आतला गॅलियम-इंडियम हा वीज वाहणारा द्रव धातू नेमका तिथून गळतो.

जोडणीला तांब्याची तार लावा. ॲल्युमिनियम अजिबात नको, गॅलियम त्याचा भुगा करतं.

हे सिलिकॉन धूळ मात्र चुंबकासारखी ओढतं, आणि कडेला बारीक चीर गेली की सरळ फाटत जातं.