गाडीसोबत येणारा १५ अँपिअरचा चार्जर: खेड्यात कितपत चालतो?

विदर्भातल्या खेड्यात इलेक्ट्रिक कार घ्यायची म्हटली की आधी विचारणा होते ती चार्जिंग स्टेशनची. रोजच्या धावपळीला त्याची फारशी गरजच पडत नाही. गाडीसोबत मिळणारा ३.३ किलोवॅटचा पोर्टेबल चार्जर पुरेसा आहे. तो अडतो घरच्या वायरिंगपाशी.

या चार्जरने तासाला साधारण ३ युनिट बॅटरीत जातात. छोटी कार युनिटला ७-८ किलोमीटर चालते. रात्री सहा तास लाइट टिकली तरी सव्वाशे किलोमीटरची सोय होते. तालुक्याला जाऊन यायला, बाजार करायला एवढं भरपूर झालं.

चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडतो, त्याचं नेहमीचं कारण अर्थिंग. जुन्या घरांत तिसऱ्या पिनला वायरच नसते, किंवा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातल्या पाइपापासून सुटते, आणि पावसाळ्यात चाललेला चार्जर एप्रिलमध्ये नकार देतो. अडीच-तीन मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा-मीठ, आणि उन्हाळाभर खड्ड्यात नियमित पाणी, एवढं केलं की बहुतेक तक्रार मिटते. मिस्त्रीकडून मोटर-हीटर चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं.

काही जण चार्जर चालू व्हावा म्हणून अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. हे कुणालाही करू देऊ नका. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) येणारा न्यूट्रल कुठं तुटला, तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो, आणि दार उघडायला हात लावणारं घरातलं लेकरूही असू शकतं.

वायरचा हिशोबही सरळ आहे. मीटरपासून गाडी ३० मीटरवर असेल आणि अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) अ‍ॅल्युमिनियम वायर टाकली असेल, तर १५ अँपिअरला जवळपास ११ व्होल्ट वायरीतच जातात. चार स्क्वेअरच्या तांब्यात ते चारच होतात. संध्याकाळी गावात आधीच १९० व्होल्टच मिळत असतील तर हा फरक जाणवतो. स्वतंत्र लाइन ओढा, २० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा, जोडणी इन्व्हर्टरच्या आधी घ्या. मंजूर भार एकच किलोवॅट असेल तर वाढवून घ्या. महिन्याला हजार किलोमीटरला दीडशेच्या आसपास युनिट लागतात; बिल वरच्या स्लॅबमध्ये जाईल, ते धरून चला.

साधं सॉकेट तासन्‌तास पूर्ण भार सोसत नाही, पिना ढिल्या होऊन प्लास्टिक वितळतं. निळं औद्योगिक सॉकेट उत्तम, पण त्याला जुळणारा प्लग चार्जरला लागतो; तो गाडीच्या कंपनीकडूनच घ्यावा. चार्जरचा डबा प्लगला लोंबकळत ठेवू नका, भिंतीला खुंटी मारा. आणि भाव येईपर्यंत कापूस भरून ठेवलेल्या खोलीत हे सॉकेट अजिबात नको. तापलेल्या पिनेची एक ठिणगी पुरते.

घरच्या चार्जरची टाइप-२ गन, म्हणजे गाडीत खोचायचं टोक, सात पिनांची असते. फास्ट चार्जिंगच्या सीसीएस-२ मध्ये खाली डीसीच्या दोन जाड पिना वाढतात, म्हणून गाडीच्या एकाच तोंडात दोन्ही बसतात. काही जुन्या सरकारी डीसी चार्जरना मात्र जीबी/टी गन आहे, ती आजच्या कारला लागत नाही. स्कूटरचे कनेक्टर वेगळेच. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे छोट्या गाडीला परतीसाठी तिथं चार्जिंग लागणारच. निघण्यापूर्वी चार्जिंगच्या अ‍ॅपमध्ये गनचा प्रकार आणि चार्जर सुरू आहे का ते बघा. वाटेत नेट मिळेलच असं नाही, म्हणून अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये पैसेही आधीच भरा. ४५ अंशांच्या दुपारी लांब धावून आलेली गाडी लगेच फास्टला लावली तर बॅटरी तापलेली असल्याने चार्जिंगचा वेग कमी मिळतो. अशा दिवसांत पहाटे निघणं बरं.