जमिनीखालचा हीट पंप: गावचा कंत्राटदार की बाहेरची कंपनी?

गोव्यात घर गरम करायची गरज कोणाला आहे? मग जमिनीत नळ्या पुरून हीट पंप, म्हणजे उष्णता एकीकडून दुसरीकडे नेणारं यंत्र, कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण आमचं घर पेडण्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. एसीचं बाहेरचं युनिट खाऱ्या वाऱ्याने बघता बघता सडतं. जमिनीच्या हीट पंपाला असं उघड्यावरचं युनिट लागतच नाही. घरातली उष्णता नळ्यांतल्या पाण्यातून जमिनीत जाते आणि यंत्र आत कोरड्यात राहतं. आमच्याकडे होमस्टेच्या चार खोल्या वर्षभर चालतात, म्हणून विचार केला. रात्री एका खोलीत एसी लावणाऱ्याने या भानगडीत पडू नये. त्याला साधा इन्व्हर्टर एसी पुरे.

दोन कोटेशनं आली. एक तालुक्यातल्या बोअर आणि प्लंबिंगच्या कंत्राटदाराचं, दुसरं राज्याबाहेरच्या कंपनीचं.

कंत्राटदार आला तो आधी विहिरीत डोकावला. मग शोषखड्डा कुठे आहे ते विचारलं आणि बोअर मारायची रिग भाटातून, म्हणजे माडांच्या बागेतून, आत कशी येईल ते पावलांनी मोजलं. वरचा चिरा (जांभा दगड) किती फूट, खाली काळा दगड कुठे लागतो, हे त्याला शेजारच्या बोअरांवरून तोंडपाठ होतं. ही माहिती फुकटची नव्हे. चिरा सच्छिद्र असतो. पावसात भिजलेला असताना तो उष्णता बरी वाहून नेतो, पण एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, वरचा थर कोरडा पडून मंदावतो. त्यामुळे चर खणून आडव्या नळ्या टाकायचा स्वस्त पर्याय आपल्याकडे फसतो, शिवाय माडांची मुळं तुटतात ती वेगळीच. उभा बोअरच हवा.

कंपनीने फक्त फोटो मागवले आणि चकचकीत कोटेशन पाठवलं. त्यात जमीन ओल्या चिकणमातीची धरलेली! पण एक गोष्ट त्यांनी विचारात घेतली होती, जी कंत्राटदाराच्या गावीही नव्हती. थंड देशांत उन्हाळ्यात जमिनीत सोडलेली उष्णता हिवाळ्यात घर तापवायला परत काढली जाते. इथे ती फक्त आतच जाणार. जमीन मुळातच 27 अंशांच्या आसपास, वर्षाच्या सरासरी हवेइतकीच. बोअर कमी पडले तर भोवतालचा खडक वर्षागणिक तापत जातो आणि पंपाचं वीजबिल चढतं. म्हणून तिकडचा, एसीच्या एका टनामागे 150 ते 200 फूट बोअरचा ठोकताळा इथे अपुरा. बोअर अधिक खोल न्यायचे, दोन बोअरमध्ये पाच-सहा मीटर अंतर ठेवायचं आणि जमिनीत जाण्याआधी काही उष्णता न्हाणीघराच्या पाण्याला द्यायची, असा कंपनीचा आराखडा होता. कंत्राटदाराचं उत्तर एकच, ‘दोनशे फूट मारू, भरपूर झालं.’

नळीभोवतीची पोकळी कशाने भरणार, हा प्रश्न मी दोघांनाही केला. कंत्राटदार म्हणाला खडी. हे मला अजिबात पटलं नाही. खडीतून शोषखड्ड्याचं पाणी थेट खालच्या झऱ्यात उतरू शकतं आणि किनाऱ्याजवळ खाली खारं पाणी असेल तर ते गोड्या थराला भिडतं. आपली आणि शेजाऱ्याची विहीर एकदमच जाईल. बेंटोनाइटचं, म्हणजे पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचं, मिश्रण तळापासून वरपर्यंत दाबून भरलं पाहिजे. कंपनीच्या कोटेशनमध्ये ते होतं. नळ्यांचे सांधे मात्र कंत्राटदारही करू शकतो. पाण्याच्या लाइनी टाकणाऱ्यांकडे एचडीपीई (जाड प्लास्टिकची) नळी वितळवून जोडायचं मशीन असतं. डिंक किंवा आटे लावलेला एकही सांधा जमिनीखाली नको आणि बुजवण्याआधी दाबाची चाचणी आपल्या डोळ्यांसमोर व्हावी.

बोअरला 2002 च्या गोवा भूजल नियमन कायद्याखाली परवानगी लागते. ‘आपण पाणी कुठे उपसतोय, कागद कशाला?’ असं कोणी म्हटलं तर ते त्याच्या तोंडून ऐकून घेऊ नका, जलस्रोत खात्याकडून लेखी घ्या. घरात सिंगल फेज असेल तर वीजखात्याकडेही आधीच चौकशी करा.

दुरुस्तीच्या बाबतीत गावचा माणूस सरळ जिंकतो. पंप बंद पडला तर तो स्कूटरवरून संध्याकाळी हजर, कंपनीचा माणूस तिकीट मिळेल तेव्हा. चतुर्थीच्या आठवड्यात मात्र दोघे सारखेच, कोणीच येत नाही.

मी काम वाटून दिलं. आराखडा, यंत्र आणि बेंटोनाइट कंपनीचं, बोअर आणि चर कंत्राटदाराचे. पण करार एकच, कंपनीशी, कंत्राटदार तिच्या हाताखाली. नाहीतर पुढे गळती निघाली की एक बोअरकडे बोट दाखवणार, दुसरा यंत्राकडे. चिऱ्याचा खरा आकडा घालून हिशेब पुन्हा करून घेतला, तेव्हा एक बोअर वाढला. शेवटचा हप्ता मी मे महिना पार पडेपर्यंत रोखून ठेवला आहे. कंपनीने कुरकुर केली, कंत्राटदार नुसता हसला.