कपडे गरम निघतात, पण वाळत नाहीत: ड्रायरचा वापरानंतरचा अनुभव

मे महिन्यात घेतलेला ड्रायर दिवाळी उलटून गेली तरी रोज चालतोय, तेव्हा आता सविस्तर लिहिते. मशीन व्हेंटेड (म्हणजे दमट हवा पाइपने बाहेर टाकणारं), ७ किलोचं, हीटर २००० वॅटचा. आम्ही चिपळूणला राहतो. इथे जुलैत दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलसर असतो, वर कुबट वास. घरात तान्हं बाळ असलं की ड्रायर ही चैन राहत नाही.

सुरुवातीला कपडे खडखडीत वाळायचे. मग ऐन पावसात दोन तास फिरवूनही चादरी दमट, जीन्सचा कमरपट्टा तर ओलाच. सर्व्हिसचा माणूस आला, वरवर बघून म्हणाला, "ताई, हीटर गेलाय, बदलावा लागेल." मला पटेना. दार उघडलं की कपडे हाताला चांगले गरम लागत होते. हीटर गेला असता तर ते गार आणि ओले निघाले असते. ही खूण फार कामाची आहे. गार-ओले निघाले तर हीटर, थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा स्विच) किंवा वीज बघायची. गरम-दमट निघाले तर आधी हवा कुठे अडतेय ते शोधायचं.

व्हेंटेड ड्रायर खोलीतली हवा आत ओढतो, तापवतो, कपड्यांमधून फिरवतो आणि वाफेसकट बाहेर टाकतो. बाहेरची वाट तुंबली की वाफ ड्रममध्येच कोंडते. शिवाय आत उष्णता वाढली की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, आणि वेळ नुसता फिरण्यात जातो.

ड्रायरच्या जाळीवर जमणारी कपड्यांची लव मी प्रत्येक वेळी काढतेच. तरी जाळी नळाखाली धरून पाहिली, तर पाणी खाली उतरेना, ताटलीत साचावं तसं वरच थांबलं. फॅब्रिक कंडिशनरचा चिकट थर बसून बारीक भोकं बुजली होती, आणि हा थर डोळ्यांना दिसत नाही. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घेऊन जाळी घासली, तेव्हा पाणी सरसर खाली गेलं. जाळी पूर्ण सुकल्यावरच परत बसवा. ड्रममधल्या सेन्सरच्या दोन धातूच्या पट्ट्यांवरही हाच थर बसतो, मग मशीनला ओल नीट कळत नाही. व्हिनेगरच्या फडक्याने त्या पुसून घ्या.

खरा घोळ मात्र पाइपचा होता. बसवणाऱ्याने मशीन भिंतीला सारताना मागचा पाइप चेपला होता आणि त्याचं दुसरं टोक काचा लावलेल्या मागच्या पडवीतच सोडलं होतं. म्हणजे बाहेर पडलेली वाफ मशीन पुन्हा आत ओढणार! आता आखूड, सरळ पाइप खिडकीतून थेट बाहेर काढलाय. त्याच्या तोंडाला मच्छरजाळी लावू नका. तिथे लव अडकते, आणि साठलेली कोरडी लव झटकन पेट घेते.

एवढं झाल्यावर दुपारचे कपडे छान वाळू लागले, संध्याकाळचे मात्र रेंगाळत. वायरमनदादांनी मीटर लावला तर व्होल्टेज १९० च्या आसपास. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २३० ऐवजी १९० मिळाले की ती जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. आता ड्रायर दुपारीच लावते, तोही थेट १६ अँपिअरच्या सॉकेटवर. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

विजेचं बिल वाचवायचं असेल तर वॉशिंग मशीनच्या स्पिनकडे बघा. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या स्पिनला सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण ७० टक्के पाणी राहतं, १२०० ला पन्नास-पंचावन्न टक्के. एक लिटर पाण्याची वाफ करायला अशा हीटरच्या ड्रायरला किमान ०.६३ युनिट लागतं, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. तेच पाणी स्पिनमध्ये फार कमी विजेत निघून जातं. आणि चादरी वेगळ्या टाका. त्यांच्या गोळ्यात लहान कपडे गुरफटतात आणि ओलेच राहतात.

मशीनवर मी खूश आहे. बाळाची दुपटी तासाभरात तयार होतात. बसवून देणाऱ्यांवर आणि न तपासता हीटर बदलायला निघालेल्या सर्व्हिसवर अजिबात नाही. घेणार असाल तर पाइप कुठून बाहेर काढणार ते दुकानातच ठरवा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये ती सोय नसेल तर व्हेंटेड घेऊच नका. कंडेन्सर किंवा हीट पंपचा ड्रायर बघा, त्यात पाणी टाकीत जमतं. हीट पंपला वीज बरीच कमी लागते, पण किंमत जास्त आणि वाळायला वेळही जास्त.